तीन वर्षांचा प्रकल्प, सात वर्षांची कारवी

गोड्या मसाल्यात घालायचं दगडफूल मी अजूनही हातानं निवडते. त्यात सालीचे तुकडे असतात, काटक्या असतात, कधी चक्क एखाद्या किड्याचा पंख सापडतो. या पुस्तिकेला प्रस्तावना हवी म्हणून माझे जुने विद्यार्थी डोंबिवलीच्या घरी आले, तेव्हा परातीत हेच काम चाललं होतं. चहा होईपर्यंत त्यांनाही निवडायला बसवलं. एकानं करडा तुकडा उलटा करून त्याची काळपट बाजू पाहिली आणि विचारलं, "मॅडम, हे आपल्याला बीएस्सीला होतं ना?"

होतं. दोन तासिका होत्या. दगडफुलाला फूल येत नाही. तो बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार आहे. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते. शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं. हवेत गंधकाचा धूर वाढला की पहिल्यांदा मोडणाऱ्या संसारांपैकी हा एक. म्हणून शहराची हवा जोखायला जगभरचे अभ्यासक झाडांच्या खोडांवरची दगडफुलं मोजत हिंडतात. एवढं मी घडाघडा सांगितलं. पण परातीतला तो तुकडा नेमक्या कुठल्या जातीचा, ते काही मला सांगता आलं नाही. त्यासाठी रसायनाचे थेंब टाकून रंग पाहावा लागतो, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू तपासावे लागतात, आणि एवढं करून शेवटी, पूर्वी कोणीतरी नाव देऊन जपून ठेवलेल्या नमुन्याशी तो ताडून बघावा लागतो. दगडफुलांचे असे नमुने जपलेली जागा मला ना डोंबिवलीत ठाऊक आहे, ना कल्याणात, ना ठाण्यात. पुण्यात मात्र आहे. तिथल्या आघारकर संशोधन संस्थेत कवकांचा आणि दगडफुलांचा एक संग्रह आहे, कवकशास्त्रज्ञ अजरेकरांच्या नावाचा. पटवर्धन आणि मखीजा या अभ्यासकांनी सह्याद्रीतल्या दगडफुलांवर कित्येक वर्षं तिथंच काम केलं.

मुलांना म्हटलं, लिहिते प्रस्तावना.

मुलं म्हणायची सवय. सगळे आता चाळिशीच्या पुढचे आहेत. सहाही जण वनस्पतीशास्त्राचे पदवीधर, आणि सहापैकी एकाच्याही पोटापाण्याचा वनस्पतींशी संबंध उरलेला नाही. बँक, विमा, औषध कंपनी, शाळेतलं गणित असं ज्याला जे मिळालं ते. पुस्तिकेचा बराचसा भाग लोकलमध्ये मोबाइलवर टाइप झालाय आणि कुठं कुठं ते कळतंही. मुंब्र्याचा बोगदा आला की वाक्य तुटतं. तुटलेली सगळी वाक्यं मी सांधलेली नाहीत. विषय मात्र त्यांनी असा निवडला, की ज्यावर मराठीत फारसं कोणी लिहीत नाही: सरकारी खातं नाही, विद्यापीठाचा विभाग नाही, नफा कमवायचा नाही, आणि तरीही पिढ्यानपिढ्या वनस्पतींवर संशोधन करत राहणाऱ्या संस्था. त्या कशा उभ्या राहतात, कशावर तगतात, आणि ठाण्या-कल्याणच्या माणसानं त्यांची दखल का घ्यावी?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ठाण्यातूनच सुरू करते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर ठाण्याचे सिव्हिल सर्जन होते. लष्करी वैद्यकीय सेवेतला हा माणूस पुढं लेफ्टनंट कर्नल झाला. कविताही करायचा, १९०९ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. पण जीव गुंतलेला वनस्पतींत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी विषारी वनस्पतींवर लिहिलं. गरम पाण्याच्या झऱ्यातल्या एका शेवाळाचं वर्णनही त्यांनी तिथंच, १८८६ साली, म्हणजे नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षी छापलं. औषधी वनस्पतींवरचा त्यांचा मोठा ग्रंथ मेजर बामनदास बसू यांच्याबरोबरचा. तो अलाहाबादेहून १९१८ साली निघाला. कीर्तिकर १९१७ सालीच गेले होते. आजही आयुर्वेदाच्या कुठल्याही ग्रंथालयात 'कीर्तिकर-बसू' मागा, ग्रंथपाल न विचारता त्या कपाटाकडे वळतो.

आता यातली मेख. कीर्तिकरांची ठाण्यातून बदली झाली तेव्हा त्यांच्या खुर्चीवर दुसरे सिव्हिल सर्जन आले. त्यांना झाडपाल्यात रस असेलच असं नाही, आणि नसला तर त्यात त्यांची चूक नाही. खुर्ची रोगी तपासायची होती. वनस्पती हा कीर्तिकरांचा खाजगी छंद होता. त्यांच्या सामानाबरोबर तोही बैलगाडीत चढला आणि गेला. उरलं ते सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं तेवढंच. ती सोसायटी १८८३ साली मुंबईत आठ जणांनी काढली, आणि त्या आठांत दोन आपले होते: आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. दोघंही डॉक्टर. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत, डॉ. रखमाबाईंचे ते सावत्र वडील. त्या आठ जणांच्या सोसायटीनं वर्गणी काढून नियतकालिक चालवलं नसतं, तर ठाण्याच्या सिव्हिल सर्जननं काय पाहिलं हे आज आपल्याला कळलं नसतं.

माणूस गेला तरी त्याचा प्रश्न चालू राहावा, अशी सोय कुठंतरी असावी लागते. या पुस्तिकेचा विषय म्हणजे ही सोय. पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे.

शंकर पुरुषोत्तम आघारकरांना ही गोष्ट फार लवकर कळली असावी. जन्म १८८४ चा, मालवणचा. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना पश्चिम घाटातल्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. जेलीफिश म्हणजे समुद्राची, हे मालवणच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक; ती घाटावरच्या नदीत दिसल्यावर प्राणिशास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. पुढं कलकत्ता विद्यापीठात वनस्पतीशास्त्राचे घोष प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. अभ्यासासाठी जर्मनीला गेले, तोच पहिलं महायुद्ध पेटलं आणि ते तिथं अडकले. बाहेर पडले ते बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊनच. नंतरची पंचवीसेक वर्षं कलकत्त्यात गेली. निवृत्तीनंतर बहुतेक जण पुण्यात बंगला बांधून सकाळी टेकडीवर जातात. आघारकरांनी १९४६ साली पुण्यात येऊन संस्था बांधायला घेतली, आणि १९६० साली मृत्यू आला तोपर्यंत तिचे संचालक राहिले.

संस्थेचं नाव होतं महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी. इंग्रजी नावात मूळ शब्द मशागतीचा, लागवडीचा. महेंद्रलाल सरकारांनी १८७६ साली कलकत्त्यात अशाच नावाची संस्था काढली होती आणि चंद्रशेखर रामन यांनी आपलं काम तिथंच केलं होतं. आघारकर त्या शहरातून आले होते. विद्यापीठाच्या परीक्षांच्या रगाड्याबाहेर, वर्गण्या-देणग्यांवर चालणारी प्रयोगशाळा काय करू शकते, हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. मराठी नाव ठेवताना 'मशागत' जाऊन 'वर्धिनी' आली. मला मशागत जास्त आवडली असती. वाढ काय, तणाचीही होते.

१९९२ साली संस्थेला आघारकरांचं नाव दिलं गेलं आणि पुण्यातल्या रिक्षावाल्यांचा एक कायमचा गोंधळ सुरू झाला. संस्था आहे गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर. एक आगरकर सुधारक, दुसरे आघारकर वनस्पतीशास्त्रज्ञ. मध्ये एक काना आणि एक 'घ'. मी स्वतः पहिल्यांदा गेले तेव्हा संस्थेच्या फाटकातल्या पहारेकऱ्याला 'आगरकर संस्था कुठंय' असंच विचारलं होतं. तो हसला नाही. रोजचंच असणार.

संस्थेच्या कामाची यादी पुस्तिकेत सविस्तर आहे, मी ती पुन्हा देत नाही. गव्हाचं एकच उदाहरण घेते, कारण त्यात वेळ दिसतो. दोन वाणांचा संकर करायचा तर एका ओंबीतले पुंकेसर परागकण पिकायच्या आत चिमट्यानं एकेक करून काढायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची, दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग आणून लावायचा, पिशवी पुन्हा बंद. एवढ्या खटाटोपातून मिळतात मूठभर दाणे. ते पेरायचे, आलेल्या रोपांतून निवडायचं, पुन्हा पेरायचं. गुण स्थिर व्हायला सहा-सात पिढ्या. मग देशभरच्या चाचण्यांची आणखी काही वर्षं. पहिल्या चिमट्यापासून शेतकऱ्याच्या पिशवीपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात. 'एमएसीएस ६४७८' हे संस्थेचं गव्हाचं वाण असंच आलं. ते ११० दिवसांत तयार होतं. साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्यात करंजखोप नावाचं गाव आहे. तिथं पूर्वी हेक्टरी २५ ते ३० क्विंटल गहू व्हायचा. या वाणानं तो ४५ ते ६० वर गेला. वाणाच्या नावातली 'एमएसीएस' ही चार अक्षरं जुन्या विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत. संस्थेचं नाव बदललं, गव्हाचं नाही.

मुलांनी या प्रकरणात वाणांचे आकडे भरपूर दिलेत, पण चिमटा धरणारा हात त्यात कुठं नाही. माझी ही तक्रार मी त्यांच्या तोंडावर सांगितली आहे. बारामती तालुक्यातल्या होळच्या प्रक्षेत्रावर थंडीच्या सकाळी ओणवं होऊन ओंब्यांना पिशव्या बांधणारी माणसं या पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत यायला हवीत.

आता कारवी. येऊरच्या डोंगरावर कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. सगळी एकदम फुलते, बी धरते, मरते. ठाणेकर त्या वर्षी सहकुटुंब येऊरला जाऊन फोटो काढतात. मधली सहा वर्षं ती नुसती हिरवी झुडपं असतात. कारवीचा अभ्यास करायचा तर एका चक्रासाठी सात वर्षं हवीत, आणि एका चक्रावरून काही ठरवता येत नाही, म्हणजे दोन चक्रं, चौदा वर्षं. संशोधनाला पैसा मिळतो तो बहुतेक वेळा तीन वर्षांच्या प्रकल्पाला. पहिलं वर्ष उपकरणांच्या निविदांत जातं, तिसरं अहवालात. उरलेल्या मधल्या वर्षात कारवी फुलत नाही. महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाचं तर विचारूच नका; त्याच्या हाती दिवाळीची सुट्टी आणि मे महिना, आणि आपल्याकडची अर्धी वनस्पतीसृष्टी जुलै ते सप्टेंबर या काळात, म्हणजे ऐन परीक्षा आणि प्रवेशांच्या धबडग्यात, उगवते आणि संपते.

मुलांनी मला पुस्तिकेचं नाव सुचवायला सांगितलं होतं. मी सुचवलेलं त्यांनी घेतलं नाही, म्हणून या प्रस्तावनेला दिलं.

फलटणची गोष्ट निराळ्या अंगानं जाते. तिथं बनबिहारी विष्णू निंबकरांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. लेखिका जाई निंबकरांचे ते पती, म्हणजे इरावती कर्व्यांचे जावई. पुण्याच्या संस्थेला आज केंद्र सरकारचं अनुदान आहे; फलटणची संस्था खाजगी पुढाकारातून उभी राहिली, नोंदणी मात्र ना-नफा तत्त्वावर. त्या कोरडवाहू मुलखात त्यांनी हात घातला तो करडईला. करडई ज्यानं कापली आहे त्याला सांगायला नको: पानाच्या टोकाला काटा, बोंडाभोवती काटे, आणि कापणीच्या वेळी सगळं वाळून टणक झालेलं. हातापायांना फडकी गुंडाळून पहाटेच्या दवात कापायची, कारण ऊन चढलं की काटे अधिकच बोचतात. तेल चांगलं, पाणी कमी लागतं, तरी मजूर मिळेना म्हणून शेतकरी करडई सोडू लागले. डॉ. नंदिनी निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटे काढायचं मनावर घेतलं. 'नारी-६' हे बिनकाटेरी वाण आणि 'नारी-एनएच-१' हे बिनकाटेरी संकरित वाण तिथलंच. काटे गेल्यावर पाकळ्याही सहज खुडता येऊ लागल्या, आणि त्या वाळवून चहासारख्या उकळून प्यायचा मार्ग खुला झाला. पीक तेलाचं, आणि नफा पाकळीत. याच संस्थेनं गोड ज्वारीचं 'मधुरा' वाण काढलं: कणीस माणसाला, ताटातला रस गुळीला किंवा इंधनाच्या अल्कोहोलला, चोयट्या गुरांना. अल्कोहोलवर चालणाऱ्या चुली-कंदिलांचं काम डॉ. अनिल राजवंशींनी तिथं राहून केलं. अमेरिकेतून शिकून ते १९८१ पासून फलटणला आहेत. मेंढ्यांचं कामही आहे, पण ते वनस्पतींच्या पुस्तिकेत मुलांनी घेतलं नाही. बरोबर केलं, मेंढ्या आत शिरल्या की वनस्पती उरत नाहीत.

परदेशातलं एकच उदाहरण त्यांनी घेतलं आहे आणि ते चपखल आहे. विल्यम बॉइस थॉम्प्सन हा अमेरिकेतला खाणमालक. १९१७ साली रेडक्रॉसच्या कामासाठी रशियात गेला. तिथली उपासमार पाहून त्याच्या डोक्यात बसलं, की माणसाचं पोट शेवटी वनस्पतींच्या अभ्यासावर अवलंबून आहे. त्यानं स्वतःचा पैसा कायम ठेव म्हणून घातला आणि १९२४ साली न्यूयॉर्कजवळच्या योंकर्स गावी वनस्पती-संशोधन संस्था सुरू झाली. १९७८ साली ती कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात गेली. राहते तिथं, पण कारभार तिचा तिचा. तांब्याच्या खाणीतला पैसा पानांच्या रोगांवर खर्च झाला, याची गंमत मला वाटते. आपल्याकडेही खाणमालक पुष्कळ आहेत.

स्वतंत्र म्हणजे कोणापासून, हा प्रश्न मुलांनी टाळलाय. मी टाळणार नाही. पैसा सरकारचा आला की मार्चअखेर येतो, कंपनीचा आला की पेटंट येतं, दात्याचा आला की त्याच्या वडिलांचं तैलचित्र येतं. पूर्ण मोकळा पैसा मी पाहिलेला नाही. पुण्याची संस्था अनुदान घेते, फलटणची संस्था करडईच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं केंद्र म्हणून काम करते. माझ्या मते कस लागतो तो दुसरीकडे: उद्या अनुदान निम्म्यावर आलं तर संस्था पहिल्यांदा काय बंद करील? जी संस्था उपाहारगृह बंद करील पण नमुन्यांचं कपाट उघडं ठेवील, ती स्वतंत्र.

कपाटाचा विषय निघालाच आहे, तर माझीही एक गोष्ट सांगते. मी नोकरी केली त्या महाविद्यालयाचं नाव इथं देत नाही. नव्वदच्या दशकापासून दर पावसाळ्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन टिटवाळा, मलंगगडाचा पायथा, दिव्याची खाडी, बारवीचा परिसर असं हिंडायचे. गोळा केलेली झाडं वर्तमानपत्रांत दाबायची, रोज कागद बदलायचे. कोकणच्या पावसात झाडं वाळत नाहीत, कुजतात. म्हणून शंभरच्या बल्बखाली लाकडी चौकट ठेवून आम्ही ती शेकायचो. वाळली की जाड कागदावर दोऱ्यानं टाचायची आणि उजव्या कोपऱ्यात लेबल: नाव, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, क्रमांक. पंधरा वर्षांत सहाशेच्या वर कागद झाले. त्यांतल्या एका कागदावर गेंद होता, मलंगगडाच्या पायथ्याच्या भातखाचरातला, सप्टेंबर १९९१ चा. गेंद म्हणजे पांढऱ्या गोल बोंडीची टीचभर उंचीची पाणवनस्पती. कास पठारावर ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल. बाहेरून सगळे गेंद सारखे, जाती ओळखायच्या तर फुलाचे आणि बियांचे अवयव भिंगाखाली उलगडावे लागतात. मला जमलं नाही. लेबलावर मी लिहिलं, 'जात अनिश्चित'. पुण्याला घेऊन जाऊ म्हणून ठेवला.

पुढं संगणक कक्षाला खोली हवी म्हणून आमची कपाटं तळमजल्याच्या व्हरांड्यात आली. तात्पुरती. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी फुगल्या, आमच्या व्हरांड्यातही पाणी शिरलं, आणि चौथ्या दिवशी कपाटं उघडली तेव्हा आत सहाशे कागदांचा एक लगदा होता. त्या पुरात माणसं गेली, घरं गेली. झाडांच्या कागदांसाठी रडायची ती वेळ नव्हती आणि मी रडले नाही. पण २०२० साली बातमी वाचली, की आघारकर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गेंदाच्या दोन नव्या जाती नोंदवल्या, एक कर्नाटकातल्या कुमठ्याजवळची आणि एक सिंधुदुर्गातली. सिंधुदुर्ग, म्हणजे आघारकरांचं मालवण. त्या दिवशी मात्र मलंगगडाचा तो कागद पुन्हा पुन्हा आठवला. तो अगदी साधा, सगळीकडे सापडणारा गेंद असेल. नव्वद टक्के तसाच असेल. पण ते भातखाचर आता चाळी आणि गोदामांखाली आहे.

संग्रह सांभाळणारी जागा हवी ती अशा वेळेसाठी. ठाणे जिल्ह्यात अभ्यासक नाहीत असं मी म्हणणार नाही. १९६९ साली खाडीच्या काठी उभ्या राहिलेल्या बांदोडकर महाविद्यालयानं ठाणे खाडीवर चिकाटीनं काम केलं आहे. कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयातही संशोधन चालतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या कर्जतचं भात संशोधन केंद्र सरकारी आहे, पण त्याचं भात आपल्या ताटात येतं. आणि अभ्यासायला विषय तर दाराशी पडलेत. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली ती रामसर यादीत गेली. पांढरी चिपी २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे. फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतात, चिपीचं फूल बघायला कोणी जात नाही. ते रात्री उमलतं आणि सकाळी त्याचे पांढरे केसर चिखलावर पडलेले असतात. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं. छान झालं, पण त्या जांभळाची जुनी झाडं कुठं, किती, त्यांची कलमं कोण राखतंय, हे लिहून ठेवायला एक खोली, एक माणूस आणि वीस वर्षं लागतील. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या झाडांच्या खोडांवरची दगडफुलंही कोणीतरी दर पाच वर्षांनी मोजायला हवीत. मी राहते त्या रस्त्यावर शोधलं. एका जुन्या आंब्यावर करड्या भुकटीसारखे दोन ठिपके मिळाले, बस्स. त्यावरून काही सिद्ध होत नाही. पहिली नोंद म्हणून तारीख घालून ठेवली आहे.

पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणात मुलांनी ठाणे-कल्याण पट्ट्यासाठी अशी संस्था काढायची कल्पना मांडली आहे: इमारत, प्रयोगशाळा, बाग, सभागृह. सभागृह आधी खोडा, असं मी सांगितलं. कोरडी, पहिल्या मजल्यावरची, पुराचं पाणी न पोचणारी एक खोली घ्या आणि लोखंडी कपाटं घ्या. आघारकरांनी काय किंवा निंबकरांनी काय, सुरुवात कुठल्या प्रश्नापासून केली ते पाहा. विटा नंतर आल्या.

त्या कपाटात पहिल्या दिवशी काय ठेवायचं, त्याची तजवीज वाचक करू शकतात, म्हणून ही विनंती. १९७० पासून पुढं या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत वनस्पतीशास्त्र घेतलेल्या प्रत्येकानं प्रात्यक्षिक परीक्षेसाठी वाळलेल्या झाडांची फाइल केली आहे. गुण मिळाले की फाइल माळ्यावर गेली. तुमच्या, तुमच्या आत्याच्या, शेजारच्या काकूंच्या माळ्यावर ती अजून असेल. रद्दीत घालू नका. झाडाचं नाव चुकलेलं असलं तरी चालेल, ते दुरुस्त करता येतं. गाव आणि तारीख हवी. फाइलीत कसर लागली असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, उन्हात टाकू नका. बाहेर काढल्यावर ती घरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर कागदावर पाणी धरतं. जुनं वर्तमानपत्र काढून नवं घाला. कोपऱ्यातलं लेबल मात्र जसं आहे तसं राहू द्या.